वाचक विचारतात : लाईट येताच डीपी का जळते?

प्रश्न : आमच्या ६३ केव्हीएच्या डीपीवर (ट्रान्सफॉर्मरवर) ५ एचपीच्या दहा मोटारी आहेत. हिशेबाने भार बसतो, तरी लाईट आली की फ्यूज उडतो. यंदा डीपीच जळाली. असं का?

उत्तर : तुमचा हिशेब चालत्या मोटारींचा आहे. ५ एचपीची मोटार चालताना साधारण साडेसात अँपिअर घेते, दहांचे ७५. डीपी ८४ अँपिअरची. पण थेट स्टार्टरवर, म्हणजे एकदम पूर्ण व्होल्टेज देणाऱ्या स्टार्टरवर, उठताना तीच मोटार सहापट ओढते. सगळ्यांना ऑटो (लाईट आली की मोटार आपोआप सुरू करणारा स्विच) लावलेला असला की दहाही एकदम उठतात आणि मागणी साडेचारशेच्या घरात जाते. व्होल्टेज इतकं पडतं की मोटारी वेग घेत नाहीत, नुसत्या घुमतात, आणि काही सेकंदांचा झटका लांबतो. फ्यूज उडाला की कोणीतरी जाड तार घालतं. पुढच्या खेपेला फ्यूज टिकतो आणि डीपीची कॉइल जळते. फीडरवरच्या (सबस्टेशनहून निघणाऱ्या एका लाइनवरच्या) सगळ्याच डीप्यांवर हे घडलं, तर सबस्टेशनचा ब्रेकर पुन्हा पुन्हा ट्रिप होतो आणि सगळं गाव अंधारात जातं.

ऑटो काढणं उत्तम. पण रात्रीच्या पाळीत अंधारातून विहिरीवर जायला कोण धजेल? म्हणून ऑटो ठेवायचाच असेल तर प्रत्येक स्टार्टरच्या कॉइलच्या सर्किटमध्ये ऑन-डिले टायमर (लाईट आल्यावर ठरलेला वेळ थांबून मग मोटार सुरू करणारा) बसवा : पहिल्याला ३० सेकंद, दुसऱ्याला ६०, असं करत दहाव्याला ५ मिनिटं. आकडा पेटीच्या दारावर रंगवा. दोघांचा आकडा सारखा झाला की त्या दोन मोटारी पुन्हा एकदमच उठणार. लाईट क्षणभर जाऊन आली तरी टायमर शून्यापासून मोजतो ना, हे वायरमनकडून तपासून घ्या. सिंगल फेज प्रिव्हेंटर (तीनपैकी एक फेज गेली की मोटार बंद करणारा) मात्र कधीही बायपास करू नका.

मोटारीला २ केव्हीएआरचा कपॅसिटर जरूर लावा, स्टार्टरच्या पुढे, मोटारीच्या बाजूला, म्हणजे मोटारीबरोबर तोही बंद होईल. त्याने चालता करंट घटतो. उठतानाचा झटका तो थोपवत नाही.

प्रश्न : सोसायटीचा पाण्याचा पंप दुपारी चालवला तर काय फायदा?

उत्तर : स्मार्ट मीटर असेल तर बिलात फरक पडतो. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार सौर तासांचा (दिवसा उन्हाच्या वेळेचा) दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी आणि गर्दीच्या वेळचा घरगुती दर किमान १० टक्के जास्त असायला हवा. टाकीतल्या पाण्याच्या पातळीनुसार पंप चालू-बंद करणाऱ्या फ्लोट स्विचला २४ तासांचा टायमर जोडा, पण टाकीच्या तळाशी दुसरा फ्लोट ठेवा. पाणी तिथवर उतरलं की टायमरची वेळ नसली तरी पंप सुरू झाला पाहिजे. नाहीतर सकाळी नळ कोरडे.