होडीच्या पारदर्शक प्लास्टिकच्या पडद्यांवरचा धूसरपणा कशाने काढावा आणि ते पडदे अधिक काळ कसे टिकवावेत?

आपली पर्यटकांची फायबरची होडी मालवणला आहे, छताच्या बाजूंना लावलेले पारदर्शक पडदे दोन हंगामांतच धूसर झाले आहेत, वरच्या गुंडाळीजवळ पिवळसर पट्टा उमटला आहे, आणि टूथपेस्ट, खोबरेल तेल व काच पुसण्याचे निळे द्रव असे तीन उपाय आपल्याला तीन जणांनी सुचवले आहेत. यांतला कोणता करावा, असे आपण विचारले आहे. यांतला एकही करू नये. मी अलिबाग तालुक्यात होड्यांची छते, पडदे आणि बैठकांची आवरणे शिवतो. माझ्याकडे बदलायला येणाऱ्या पडद्यांचे उन्हाने नुकसान झालेले असतेच, पण पुष्कळदा त्याहून अधिक नुकसान कोरड्या फडक्याने केलेले असते.

काहीही लावण्यापूर्वी धूसरपणा कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवावे लागते, आणि त्यासाठी एक सोपी परीक्षा पुरते. पडदा गोड्या पाण्याने नीट धुऊन घ्या आणि तो ओला असतानाच त्यातून धक्क्यावरचा एखादा खांब किंवा किनाऱ्यावरचा माड पाहा. ओल्या पडद्यातून खांब स्वच्छ दिसला आणि पडदा वाळल्यावर पुन्हा अंधुक झाला, तर दोष पृष्ठभागावर, म्हणजे बारीक ओरखड्यांत आहे. पाणी त्या ओरखड्यांत भरते, म्हणून ते तेवढ्यापुरते दिसेनासे होतात. वाळल्यावरही पडदा स्वच्छ राहिला, तर तो नुसता मिठाचा थर होता आणि आपले काम झाले. ओला असतानाही खांब अंधुकच दिसला, तर दोष प्लास्टिकच्या आत आहे. त्यातही दुधासारखा पांढरटपणा असेल आणि तो सलग पावसानंतर किंवा ओला पडदा गुंडाळून ठेवल्यानंतर आला असेल, तर ती प्लास्टिकने शोषलेली ओल असते आणि मोकळ्या हवेत पडदा पूर्ण वाळला की बहुधा ती आपोआप जाते. पिवळेपणा मात्र कशानेही जात नाही.

याचे कारण समजून घेतले तर पुढच्या सूचना पाठ कराव्या लागणार नाहीत. हे पडदे ज्याचे असतात ते व्हिनाइल म्हणजे पीव्हीसी. आपल्या घरातले नळाचे कडक पाइपही त्याचेच असतात. त्याला लवचीक करण्यासाठी त्यात मऊपणा आणणारे तेलकट द्रव्य मोठ्या प्रमाणात मिसळतात, आणि ते प्लास्टिकशी रासायनिकरीत्या जोडलेले नसल्यामुळे उष्णतेने हळूहळू बाहेर पडत राहते. जसजसे ते जाते तसतसा पडदा आखडतो, ताठ होतो आणि शेवटी तडकतो. दुसरीकडे उन्हातल्या अतिनील किरणांमुळे पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटते आणि मागे उरलेल्या साखळीची रचना निळा प्रकाश शोषू लागते, म्हणून पडदा पिवळा दिसतो. आपल्याकडचा पट्टा नेमका गुंडाळीजवळ का आला, हेही यातून कळते: दिवसभर गुंडाळलेला भाग छताच्या तापलेल्या पाइपाला टेकून राहतो आणि तिथे उष्णता साठते.

आता त्या तीन उपायांकडे येतो. काचेसाठीच्या पुष्कळशा द्रवांत अमोनिया किंवा अल्कोहोल असते. काचेला त्याचे काही होत नाही, व्हिनाइलचा पृष्ठभाग मात्र त्याने कोरडा पडतो आणि पुढे अंधुक होतो. थिनर, पेट्रोल, रॉकेल आणि अॅसिटोन यांचा परिणाम तर याहून वेगाने होतो. खोबरेल तेल लावल्यावर पडदा लखलखीत दिसतो हे खरे आहे, पण ते पाण्याप्रमाणेच ओरखडे भरते म्हणून. पुढे त्यावर धूळ आणि मीठ चिकटते, आणि तेलात प्लास्टिकमधले मऊपणाचे द्रव्य ओढून घेण्याचा गुण असतो. तेलकट खाद्यपदार्थ अशा मऊ प्लास्टिकमध्ये ठेवू नयेत असे सांगतात, तेही याच कारणाने. टूथपेस्टमध्ये घासणारी बारीक पूड असते आणि ती दाताच्या कवचासाठी बनवलेली असते. व्हिनाइल त्या कवचाच्या मानाने फारच मऊ असल्यामुळे मोठा ओरखडा जाऊन त्या जागी असंख्य बारीक ओरखडे येतात.

खरे साफ करणारे द्रव म्हणजे गोडे पाणी, तेही भरपूर. समुद्रावरून आल्यावर पडद्यावर जो खरखरीत थर बसतो त्यात मिठाचे स्फटिक असतात, आणि तारकर्ली किंवा देवबागसारख्या वाळूच्या किनाऱ्यावरून माणसे चढत असतील तर वाळूचे कणही असतात. त्यावर कोरडे किंवा नुसते ओलसर फडके फिरवणे म्हणजे पॉलिश पेपर फिरवणेच होय. म्हणून सकाळी किंवा उन्हे उतरल्यावर, पडदा तापलेला नसताना, वरच्या शिवणीपासून पाणी सोडावे, मीठ विरघळायला थोडा वेळ द्यावा आणि पुन्हा पाणी सोडावे. मग बादलीभर पाण्यात थोडासा सौम्य द्रव साबण घालून तो पडद्यावर फडक्याने नव्हे, तर उघड्या तळहाताने फिरवावा. बोटातली अंगठी आणि हातातले कडे आधी काढून ठेवावे. तळहाताला एखादा कण लागला की तो लगेच कळतो आणि तिथे हात थांबवून पाणी ओतता येते. फडक्यात अडकलेला कण कळत नाही आणि तो पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढत जातो. साबण जागीच वाळू न देता भरपूर पाण्याने धुवावा आणि शेवटी ओलसर मायक्रोफायबरच्या फडक्याने पाणी टिपून घ्यावे. पुसायचेच असेल तर वरून खाली सरळ पुसावे, गोल गोल नको; गोल ओरखडे सूर्य समोर आला की जास्त चमकतात. कागदी रुमाल वापरू नयेत. हे फडके याच कामासाठी वेगळे ठेवावे, आणि ते होडीच्या तळावर पडले तर त्या दिवशी ते पुन्हा पडद्याला लावू नये.

गोड्या पाण्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. किनाऱ्यालगतच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मे महिन्यांत मचूळ होते, आणि बोअरचे पाणी जड असेल तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात. त्यासाठीच शेवटचे टिपणे महत्त्वाचे असते. जुने ठिपके असतील तर पांढरा व्हिनेगर पुष्कळ पाण्यात मिसळून लावावा आणि लगेच धुवावा. पक्ष्यांची विष्ठा वाळली असेल तर नखाने खरवडू नये. ओले फडके त्यावर काही वेळ ठेवून ती मऊ होऊ द्यावी. डिझेलची काजळी साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुतल्यावर निघते, रॉकेलचा मोह टाळावा.

पर्यटकांच्या होडीत आणखी एक त्रास असतो आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. उन्हाचे क्रीम किंवा डास पळवण्याचे मलम लावलेले हात पडद्याला लागतात. अशा मलमांपैकी कित्येकांत असलेले डीईईटी हे रसायन प्लास्टिक चक्क मऊ करून विरघळवू लागते, आणि पडद्यावर बोटांचे कायमचे ठसे उमटतात. चढण्या-उतरण्याच्या बाजूचा पडदा फेरी सुरू होण्याआधीच वर करून बांधावा आणि दिवस संपला की ती बाजू साबणाने आवर्जून धुवावी.

ओरखडे वरवरचे असतील तर प्लास्टिकसाठीच्या बारीक पॉलिशने काही प्रमाणात फरक पडतो. नोव्हस या नावाने क्रमांक दिलेली पॉलिश मिळतात. त्यांतले दुसऱ्या क्रमांकाचे बारीक ओरखड्यांसाठी आहे. नुसती चकाकी आणि हलके संरक्षण हवे असेल तर प्लेक्सस किंवा ३०३ या नावाचे पारदर्शक व्हिनाइलसाठीचे द्रव चालते. मात्र आपला पडदा स्ट्रॅटाग्लास या जातीचा असेल, तर त्याच्या पृष्ठभागावर ओरखडे रोखणारा लेप असतो. त्यावर घासणारे पॉलिश लावले तर लेपच जातो, आणि त्यासाठी उत्पादक आयमार या कंपनीची द्रवेच वापरायला सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक होड्यांवर असे काही नसते, हेही खरे. बाजारात जेवणाच्या टेबलावर घालायला मिळते तेच पारदर्शक प्लास्टिक ताडपत्रीला शिवून दिलेले असते. ते उघड्यावरच्या उन्हासाठी बनवलेलेच नसते, त्यामुळे ते दोन हंगामांत पिवळे पडले तर त्यात देखभालीची चूक फारशी नाही.

उष्णतेवर उपाय करणे धुण्याइतकेच महत्त्वाचे आहे. छताच्या स्टीलच्या पाइपांना, जिथे पडदा टेकतो तिथे, फिकट रंगाच्या कापडाची पट्टी गुंडाळून शिवून घ्यावी. पडदा गुंडाळताना तो धुतलेला आणि वाळलेला असावा, मध्ये जुन्या सुती लुगड्याचा तुकडा घालावा आणि गुंडाळी सैल ठेवावी. घडी तर कधीच घालू नये. अर्धवट उघडा राहिलेला पडदा वाऱ्यावर फडफडू देऊ नये, कारण एकाच रेषेवर वारंवार वाकल्याने तिथे पांढरी कुरकुरीत रेघ पडते आणि पुढे तिथेच तो फाटतो. चेनमध्ये मीठ अडकले की आपण ती जोराने ओढतो आणि शिवण उसवते. ती गोड्या पाण्याने धुऊन दातांवर मेणबत्ती घासावी. यंत्राचे तेल किंवा ग्रीस लावल्यास ते पडद्यावर उतरते.

पावसाळ्यात होडी वर ओढून शाकारली जाते, तेव्हा पडदे तिच्यावरच ठेवू नयेत. ते काढून, धुऊन, पूर्ण वाळवून, सुती कापडात सैल गुंडाळून घरात हवेशीर ठिकाणी आडवे ठेवावेत. त्यांच्यावर वजन ठेवू नये, पत्र्याखालच्या माळ्यावर ते टाकू नयेत आणि वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, कारण छपाईची शाई व्हिनाइलमध्ये उतरते आणि मग निघत नाही. ओल राहिली तर बुरशीचे काळे ठिपके येतात; ते लवकर दिसले तर पाणी घातलेल्या व्हिनेगरने आणि साबणाने जातात. गुलाबी डाग आला तर मात्र घासत बसू नये. तो काही जिवाणूंनी तयार केलेला रंग असतो, तो प्लास्टिकच्या आतल्या द्रव्यातच विरघळतो आणि वरून कितीही धुतला तरी जात नाही.

आपल्या वर्णनावरून पाहता बाजूचे पडदे धुऊन आणि पॉलिश करून आणखी एखादा हंगाम चालतील, पण तांडेलाच्या, म्हणजे होडी चालवणाऱ्याच्या, समोरचा पडदा धूसर असेल तर तो आत्ताच बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. संध्याकाळी सूर्य समुद्राकडे उतरलेला असताना बारीक ओरखड्यांच्या पडद्यावर अशी चमक येते, की समोर टाकलेल्या जाळ्याचे बोयरे, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा, दिसत नाहीत. तोपर्यंत तो पडदा वर बांधून होडी चालवावी. बदलताना ताडपत्री चांगली असेल तर सगळे छत नव्याने शिवण्याची गरज नसते. जुने प्लास्टिक कापून काढून त्याच चौकटीत नवे बसवता येते. शिवणाऱ्याकडे अतिनील किरणांना टिकणारे, होड्यांसाठीचे व्हिनाइल मागावे. बाजूच्या, रोज गुंडाळायच्या पडद्याला ०.५ ते ०.७५ मिलिमीटर जाडी पुरते. समोरच्यासाठी १ मिलिमीटरचे घ्यावे, ते कमी सुरकुतते. टाके लांब घालायला सांगावेत, कारण जवळजवळच्या सुईच्या भोकांवर प्लास्टिक टपाल तिकिटासारखे फाटते. दोरा सुती नको, पॉलिएस्टरचा हवा, आणि खर्चाची तयारी असेल तर उन्हाने न कुजणारा पीटीएफईचा, म्हणजे टेफ्लॉन जातीच्या प्लास्टिकचा, घ्यावा.