सप्तशृंगी गडावर ट्रॉलीने गेलं तर दर्शन पुरं होतं का?

आईचे गुडघे गेलेत, वणीच्या गडावर ट्रॉलीने, म्हणजे रुळांवरून वर ओढल्या जाणाऱ्या डब्याने, नेलं तर चालेल का, की पायऱ्या चढल्याशिवाय दर्शन पुरं होत नाही, असं तुम्ही विचारलंय. हे पायऱ्यांचं खूळ तुमच्या डोक्यात कुणी घातलं? आमच्याकडे काकांनी घातलं होतं.

आम्ही धुळ्याचे. खान्देश म्हणजे देवीचं माहेर, त्यामुळे चैत्रात पायी जाणं घरचंच. मालेगाव, देवळा, कळवण करत आई कितीतरी वर्षं चालत गेली. २०१९ साली मात्र तिच्या गुडघ्यांनीच हात टेकले. ट्रॉली आदल्याच वर्षी सुरू झाली होती. मी तिकिटाला निघालो तर काका चारचौघांत म्हणाले, "वहिनी, ट्रॉलीने गेलात तर देवी नुसती दिसेल, पावायची नाही."

झालं. आई ओटीची पिशवी छातीशी धरून पायऱ्यांकडे वळली. पंचवीसेक चढली आणि मटकन बसली. पिशवीतला नारळ टणटण उड्या मारत पार खाली गेला. तो उचलला, आईला धरून उतरवलं आणि ट्रॉलीत बसवलं. वर गेल्यावर ती त्या अठरा हातांच्या, शेंदराने माखलेल्या मूर्तीकडे बघतच राहिली. समोरच्या डोंगरावरून मार्कंडेय ऋषी सांगतात ते ऐकायला देवीने मान कलती केली म्हणतात ना? आई हळूच म्हणाली, "माय वं, तुनी मान दुखत व्हई!" आता हे दर्शन अर्धं का?

आणि पायऱ्या तरी देवीने कुठे बांधल्या? मराठा सरदार घराण्यातल्या उमाबाई दाभाड्यांनी बांधल्या, लोकांची सोय म्हणूनच. काका स्वतः पायथ्याच्या नांदुरी गावापासून घाट एसटीत बसून चढले होते, तेव्हा देवी पावत होती! स्वतःला लागते ती सोय, दुसऱ्याला लागते तो आळस.

तेव्हा खुशाल ट्रॉलीने न्या. फक्त चैत्रोत्सव आणि नवरात्र टाळा, खासगी गाड्या नांदुरीलाच अडवतात. मंगळवार-शुक्रवारीही गर्दी असते. देखभालीसाठी ट्रॉली मधूनमधून बंद ठेवतात, म्हणून आधी चौकशी करा. वर रांग आहेच, आईसाठी घडीचं स्टूल घ्या. आणि तुमच्याकडेही असे काका असतील तर त्यांना दर्शन होईपर्यंत कळवूच नका.