वस्तीत उन्हाळी वर्ग सुरू करताना

पहिल्या दिवशी मुलांची इयत्ता विचारू नकोस, त्यांच्याकडून वाचून घे. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ चाचणीत वाचनाचे अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे टप्पे आहेत. गट त्यावरूनच पाड. पाचवीतलं मूल शब्दांवर अडकलं असेल, तर त्याला तिथूनच पुढे ने. वेळ सकाळी लवकरची ठेव, मे महिन्यात पत्र्याखाली दहानंतर बसवत नाही. मोठ्या मुली धाकट्या भावंडांना कडेवर घेऊन येतील. येऊ देत! कोपऱ्यात चटई आणि खडू ठेव. भावंडाला मनाई केलीस, तर ती मुलगीच यायची बंद होईल. मुलं मध्येच गावी जातात, म्हणून रोजचा पाठ त्याच दिवशी पुरा होईल असा आख. गावी निघालेल्याच्या हातात गोष्टीचं एक पुस्तक जरूर दे. ते परत मिळेल का, याचा विचार करू नकोस.