चौथी शिकलेली आई आणि सातवीतला मुलगा

प्रश्न : मी चौथी शिकले, हे दहावी. मुलगी नववीत, मुलगा सातवीत. तो स्वतःचं ताटही उचलत नाही, ‘पोरीचं काम’ म्हणतो. गावातल्या बैठकीत ऐकलं, शिकलेल्या आईबापांचीच लेकरं मुलगा-मुलगी समान मानतात. मग आम्ही काय करावं?
— एक वाचक, ता. राळेगाव, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, ऐकलं ते अर्धंच खरं. आईबाप शिकलेले असले की मुलांची मतं सरासरीने अधिक समतेची दिसतात. पण शिक्षणासोबत पगार येतो, शहराची ओळख येते. सगळं श्रेय शाळेला देता येत नाही. शिकलेल्या घरांतही मुलाला इंग्रजी शाळा आणि मुलीला झेडपी, असं होतंच.

हरियाणातल्या एका अभ्यासात आईबापांची मतं मुलांत उतरलेली दिसली, त्यातही वडिलांपेक्षा आईची जास्त. तिथेच 314 सरकारी शाळांपैकी 150 शाळांत सातवी-आठवीच्या मुलांशी 45 मिनिटांच्या तासांतून अडीच वर्षं चर्चा झाली. मतं बदललीच, शिवाय मुलगे घरकामही जास्त करू लागले. आईबापांचं शिक्षण होतं तेवढंच होतं.

आधी सात दिवस कॅलेंडरवर लिहा : पाणी, भांडी, झाडलोट, गुरांचा चारा, कोणी केलं, किती मिनिटं. मग यांच्यासमोर बेरीज वाचा. भांडी विषम तारखेला मुलाची, सम तारखेला मुलीची. 31 नंतर 1 तारीख आली की सलग दोन दिवस त्याचे, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तिथेच भांडण होतं.

बिघडतं ते असं. तो मुद्दाम खरकटं ठेवतो आणि बहीण पुन्हा घासते. त्यालाच परत घासू द्या. आजी त्याच्या हातून ताट घेते; तिच्याशी आधी बोला. ‘आईला मदत केली’ असं कौतुक झालं, की काम मुळात बाईचंच ठरतं. मुलीचा वाचलेला वेळ दुसऱ्या कामात जातो, तो अभ्यासाला राखा. आणि यांनी स्वतःचं ताट धुतलं नाही, तर मुलगा फार दिवस धुणार नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत शाळा बुडवायची नाही, हा नियम दोघांना सारखाच.

‘मुलगा-मुलगी समान का?’ विचारलं तर तो पाठ केलेलं ‘हो’ म्हणेल. त्यापेक्षा विचारा, पैसे कमी पडले तर आधी कोणाची फी भरायची? बारावीनंतर ताईला अमरावतीला ठेवायचं का?

शेत यांच्या नावावर असेल तर लक्ष्मीमुक्ती योजनेत यांनी अर्ज केल्यास सातबाऱ्यावर तुमचंही नाव लागतं. तलाठ्याकडे जाताना दोन्ही लेकरांना सोबत न्या.