प्राचीन ग्रीक वसाहतीत लोकांचं रोजचं जगणं कसं होतं?

वसाहतीगणिक वेगळं. आजच्या लिबियातल्या कायरीनीचं सांगतो. इ.स.पू. ६३१ च्या सुमारास थेरा या ग्रीक बेटावरचे लोक तिथे वसले. प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटस लिहितो की, आधी किनारा, मग मधला पट्टा, शेवटी वरचं पठार अशी पिकं ओळीने तयार होत. सुगी ८ महिने चाले! भाषा ग्रीक, मुख्य देव अपोलो. पण तिथल्या बायका इजिप्तच्या इसिस देवीसाठी उपास करत, गाईचं मांस खात नसत. (ढवळ्याशेजारी पवळ्या, दुसरं काय!) कायरीनीचं नाव झालं ते मात्र सिल्फियम या रानवनस्पतीमुळे. तिचा चीक स्वयंपाकात नि औषधात, चित्र नाण्यांवर. पुढे ती नाहीशी झाली आणि रोमन स्वयंपाकात तिची जागा घेतली आपल्या फोडणीतल्या हिंगाने.