स्मार्टवॉचची काच ओरखडे सोसेल का, घरी कसं तपासायचं?

दुकानदार किल्ली घासून दाखवतो ना, तो निव्वळ देखावा आहे भाऊ. मोह्ज मापावर (कठीणपणाचं १ ते १० माप, मोठ्या आकड्याची वस्तू लहान आकड्याच्या वस्तूला ओरखडते) काच साधारण ५.५ ते ६, किल्लीचं पितळ ३ च्या आसपास. ओरखडा पडणार कसा? खरा वैरी रेती. तिच्यातलं क्वार्ट्झ ७ वर, म्हणून वैनगंगेच्या रेतीची चिमूट साध्या काचेला सहज चरे पाडते. नीलम म्हणजे सफायर काच असेल (९), तर रेतीने काच बिघडत नाही, वरचा चकाकीरोधक थर मात्र खरवडू शकतो. तपासायचंच तर अगदी कडेला, हलक्या हाताने. पडलेला चरा जात नाही. पॉलिश पेपर नको, त्याचे कण नीलमालाही ओरखडतात. आणि वावरातून आल्यावर घड्याळ दुपट्ट्याने कोरडं पुसू नका, आधी पाण्याखाली धरा.