पावसात फेवाताल: वाट वाकडी करावी का?

प्रश्न: नमस्कार. आम्ही दोघं मित्र ऑगस्टमध्ये पुण्याहून बाईकवर काठमांडूला चाललोय, सुनौली बॉर्डरवरून आत शिरणार. वाटेत पोखऱ्याचं फेवाताल हे तळं बघायची फार इच्छा आहे पण घरचे म्हणतात एवढ्या पावसात वाट वाकडी करू नका, ढगात काही दिसणार पण नाही. मित्र तर राराला जायचं म्हणून हटून बसलाय. काय करावं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: फेवा करा, नक्की करा. रारा मात्र ऑगस्टमध्ये अजिबात नको. नेपाळमधलं सगळ्यात मोठं तळं, जवळपास ३००० मीटरवर, सुंदर आहेच, पण त्यासाठी सुर्खेत-जुमला कर्णाली हायवे धरावा लागतो, अरुंद रस्ता, बाजूला दरी, आणि मागेपुढे दोन्हीकडे दरड आली तर मध्येच अडकून बसाल. ऑक्टोबरमध्ये जा म्हणावं मित्राला, आकाश पण स्वच्छ मिळेल.

आता फेवा. काठमांडूला सगळे नारायणगढ-मुग्लिनवरून जातात आणि घरच्यांना तोच रस्ता सेफ वाटत असणार, पण जुलै २०२४ मध्ये त्याच रस्त्यावर सिमलतालजवळ दरडीने दोन बस त्रिशूली नदीत ढकलल्या, कितीतरी माणसं गेली. म्हणजे पावसाळ्यात धोका दोन्हीकडे आहे. बुटवल-पाल्पा-पोखरा असा सिद्धार्थ राजमार्ग धरून पुढे काठमांडूला गेलात तर साधारण शंभर किमी जास्त पडतात, बस. यात सगळ्यात जपायची जागा म्हणजे बुटवल सोडल्यावर लगेच लागणारं सिद्धबाबा, तिथे वरून दगड सुटतात, म्हणून तर तिथे बोगदा करायला घेतलाय. तो पट्टा सकाळी उजेडात पार करा आणि जोराचा पाऊस चालू असेल तर बुटवललाच थांबा, काय दिवस जायचा तो जाऊ दे. आपल्याकडे ताम्हिणीत धबधबा दिसला की कड्याखाली बाईक लावून फोटो काढतात ना, ते तिथे प्लीज करू नका.

दिसेल का, तर ढग असणारच. पोखऱ्याजवळच्या लुमलेला वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे दुपारी पोचून संध्याकाळी निघायचं असेल तर जाऊच नका. दोन रात्री राहा आणि पहाटे उठा, रात्रभर कोसळून सकाळी उघडीप मिळाली तर माछापुच्छ्रे तळ्यात उलटा दिसतो, ६९९३ मीटरचा, १९५७ मध्ये ब्रिटिश गिर्यारोहक जवळपास माथ्याला पोचून शिखराचा मान राखून परत फिरले होते तोच हा डोंगर. आणि समजा नाहीच दिसला, तरी मला विचाराल तर पावसातलं फेवा बघण्यासारखंच आहे, समोरचं जंगल ओलं गर्द हिरवं, ताल बाराही देवळाच्या बेटाकडे चाललेल्या रंगीत होड्या, टुरिस्ट कमी. पाणी मात्र गढूळ असतं, ओढे गाळ घेऊन येतात आणि त्या गाळाने तळं वर्षानुवर्षं आक्रसत चाललंय, याचं फार वाईट वाटतं. होडीत लाइफ जॅकेट घालाच.

कागदपत्रांचं: पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र घ्या, नुसत्या आधारवर राहू नका. बाईकचं भन्सार (नेपाळचं कस्टम्स शुल्क) बॉर्डरवर दिवसाच्या हिशोबाने भरतात, तर ते भरताना प्लॅनपेक्षा दोन दिवस जास्तीचेच भरा, दरडीने रस्ता बंद झाला तर मुदत संपली म्हणून दंड नको आणि त्या धास्तीने भर पावसात घाट उतरायची घाई पण नको.